कमळ कुठे गेलं? नाशिकमधल्या नव्या मतदारासाठी पक्षांची ओळख

२० मे २०२४, नाशिक लोकसभेचं मतदान. दुपारी शेजारच्या आजी केंद्रावरून परतल्या त्या तणतणतच. "मशीनवर कमळच नाही! वरून खालपर्यंत दोनदा बोट फिरवलं. तिथल्या पोराला विचारलं तर म्हणतो, आजी, आम्हाला सांगता येत नाही." कुणीतरी लबाडी केली असा त्यांचा ठाम समज.

लबाडी कसलीच नव्हती. त्या यंत्रावर कमळ नव्हतंच. पंजा नव्हता, घड्याळ नव्हतं, रेल्वे इंजिनही नव्हतं. झुंज होती धनुष्यबाण आणि मशाल यांच्यात. पुढे निकालात मशालीचे राजाभाऊ वाजे निवडून आले.

आमच्या वरच्या खोलीत दोन पोरं भाड्याने राहतात, एक चोपड्याचा, एक परभणीकडचा, दोघंही अंबडच्या कारखान्यात ट्रेनी. त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, "काकू, देशातले सगळ्यात मोठे दोन पक्ष इथे उभेच नाहीत, असं कसं?" तेव्हापासून त्यांना जे तुकड्यातुकड्याने सांगत आले ते इथे एकत्र लिहिते. माझं एकच म्हणणं आहे: पक्ष मोठा की छोटा असं कुणी म्हणालं की आधी विचारायचं, कुठे आणि कशात? चौकातल्या फ्लेक्सच्या आकारावर जाऊ नका. फ्लेक्स वाढदिवसालाही तेवढाच लागतो.

पहिलं काम: आपण कुठल्या मतदारसंघात येतो ते शोधा

नाशिक जिल्ह्यात विधानसभेचे १५ मतदारसंघ आहेत आणि ते तीन लोकसभांत वाटले गेलेत. नाशिक पूर्व, मध्य, पश्चिम, देवळाली, सिन्नर आणि इगतपुरी मिळून नाशिक लोकसभा. नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड आणि दिंडोरी मिळून दिंडोरी लोकसभा. मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण मात्र धुळे लोकसभेत जातात. म्हणजे मालेगावचा माणूस सरकारी कामाला नाशिकच्या कलेक्टर कचेरीत येतो आणि खासदार निवडतो धुळ्याचा. ही गंमत वाटेल, पण २०२४ ला धुळ्याची जागा काँग्रेसने फक्त ३,८३१ मतांनी जिंकली आणि तो निकाल फिरवला मालेगाव मध्यने.

शहरात ढोबळमानाने पंचवटीकडचे लोक पूर्वमध्ये, जुनं नाशिक मध्यमध्ये, सिडको-सातपूर पश्चिममध्ये. शेजारच्या गल्लीत वेगळा मतदारसंघ लागू शकतो, म्हणून यादीत स्वतःचं नाव बघूनच खात्री करा. बाहेरगावाहून आलेल्यांनी फॉर्म ८ भरून नाव इकडे हलवायचं, पहिल्यांदाच नोंदणी करणाऱ्यांनी फॉर्म ६. अडलं तर १९५० ला फोन लावा, नाहीतर आपल्या भागाच्या बीएलओला, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याला, गाठा. नाव गावाकडेही ठेवायचं आणि इथेही घालायचं, हे कायद्यात बसत नाही. आमच्या परभणीकराला हे पटवायला महिना गेला, कारण गावच्या सरपंचपदाला त्याच्या चुलत्याला मत लागणार होतं.

महापालिकेची निवडणूक वेगळी. ती राज्य निवडणूक आयोग घेतो. २०१७ ला नाशिकमध्ये ३१ प्रभाग होते आणि एकूण १२२ जागा. बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक, म्हणून मतदाराला चार वेळा बटण दाबावं लागलं. तिथे चार मतं चार वेगळ्या पक्षांना देता येतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. या लेखात मात्र मुख्यतः लोकसभा आणि विधानसभेबद्दल बोलू.

दोन आकडे पाठ करा: २७२ आणि १४५

आपण पंतप्रधान निवडत नाही, मुख्यमंत्रीही नाही. आपण एक खासदार आणि एक आमदार निवडतो. सभागृहात ज्याच्या मागे निम्म्याहून जास्त डोकी, त्याचं सरकार. लोकसभेत ५४३ जागा, बहुमत २७२ ला. विधानसभेत २८८ जागा, बहुमत १४५ ला. पक्ष लागतो तो यासाठी. ५४३ सुटी माणसं एका सरकारमागे पाच वर्षं उभी करणं कुणाला जमणार?

या हिशेबात छोटा पक्ष कधी भाव खाऊन जातो ते बघा. २०२४ च्या लोकसभेत भाजपला २४० जागा मिळाल्या. सगळ्यात मोठा पक्ष तोच, पण बहुमताला ३२ कमी. तेलुगू देसमचे १६ आणि जनता दल युनायटेडचे १२ खासदार एरवी कुणी मोजले नसते. त्या जूनमध्ये सगळा देश मोजत होता. त्याआधी १७ एप्रिल १९९९ ला अटलबिहारी वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं, २६९ विरुद्ध २७०. एक खासदार असलेल्या पक्षाचीही त्या दिवशी किंमत होती.

दुसऱ्या बाजूलाही हिशेब असतो. विरोधी पक्षनेतेपदासाठी सभागृहाच्या एक दशांश जागा हव्यात, असा संकेत चालत आलाय. लोकसभेत ५५, विधानसभेत २९. काँग्रेसला २०१४ ला ४४ आणि २०१९ ला ५२ जागा होत्या, त्यामुळे दहा वर्षं ते पद रिकामं राहिलं. २०२४ ला ९९ झाल्या आणि ते मिळालं. आपल्या विधानसभेत २०२४ च्या निकालानंतर विरोधातला सर्वांत मोठा पक्ष २० वर थांबला.

पक्षाच्या गळ्यातली पाटी वाचा

निवडणूक आयोगाच्या लेखी पक्षांचे तीन वर्ग आहेत: राष्ट्रीय, राज्यस्तरीय आणि नुसते नोंदणीकृत. नोंदणी करायला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ खाली अर्ज करावा लागतो आणि किमान १०० सभासद दाखवावे लागतात. एवढं केलं की पक्ष तयार. म्हणून देशात असे पक्ष हजारोंनी झाले आणि त्यातले कित्येक फक्त कागदावर राहिले. सहा वर्षं एकही निवडणूक न लढवलेले ३३४ पक्ष आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये यादीतून काढले, सप्टेंबरमध्ये आणखी ४७४.

मान्यता मिळवायला मतं किंवा जागा लागतात. त्याचे नियम १९६८ च्या निवडणूक चिन्हं आदेशात आहेत. राज्यस्तरीय व्हायच्या वाटा अनेक. सोपी समजण्यासारखी वाट अशी की विधानसभेला वैध मतांपैकी ६ टक्के मतं आणि २ आमदार. एकही आमदार आला नाही तरी ८ टक्के मतं मिळाली तर चालतं. चार राज्यांत राज्यस्तरीय मान्यता असली की पक्ष राष्ट्रीय होतो. त्यालाही आणखी दोन वाटा आहेत, त्यात आत्ता शिरत नाही.

एप्रिल २०२३ मध्ये आयोगाने राष्ट्रवादी काँग्रेस, तृणमूल काँग्रेस आणि भारतीय कम्युनिस्ट पक्षाचा राष्ट्रीय दर्जा काढला आणि आम आदमी पक्षाला दिला. त्यानंतर राष्ट्रीय राहिले सहा: भाजप, काँग्रेस, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष, बसप, आप आणि मेघालयातला नॅशनल पीपल्स पार्टी. आता गंमत बघा. २०२४ ला बसपचा एकही खासदार निवडून आला नाही, तरी तो राष्ट्रीय. समाजवादी पक्षाचे ३७ खासदार आले, तरी तो राज्यस्तरीय. पाटी पसरलेपण सांगते, ताकद नाही. म्हणून 'कुठे' आणि 'कशात'.

पाटीचा रोजचा उपयोग मतदानयंत्रावर दिसतो. लोकसभा-विधानसभेला नावांचा क्रम असा लावतात: आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पक्षांचे, शेवटी अपक्ष, आणि अगदी तळाला नोटा, म्हणजे 'यापैकी कुणीही नाही'. प्रत्येक गटात नावं मराठी वर्णानुक्रमाने. पहिल्या नंबरचं बटण मिळालं म्हणून कुणी पेढे वाटत असेल तर समजा, त्याचं नाव फक्त 'अ'ने सुरू होतं.

चिन्हं: इथे जरा थांबा

आपल्याकडे माणूस पक्षाला नावाने कमी आणि चिन्हाने जास्त ओळखतो. "या वेळी कुणाचं?" विचारलं की उत्तर येतं, "बाणाचं." मान्यताप्राप्त पक्षाचं चिन्ह राखीव असतं. बाकीच्यांना आणि अपक्षांना आयोगाच्या मोकळ्या यादीतून मिळतं. त्यात शिट्टी, कपबशी, प्रेशर कुकर असं काय काय असतं.

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत या चिन्हांनी फार घोळ घातला. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. १७ फेब्रुवारी २०२३ ला आयोगाने नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे गटाला दिलं, उद्धव ठाकरे गटाकडे मशाल राहिली. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. ६ फेब्रुवारी २०२४ ला घड्याळ अजित पवार गटाला गेलं आणि शरद पवार गटाला पुढे 'तुतारी वाजवणारा माणूस' मिळालं. कोर्टकचेऱ्या त्या वेगळ्या. मतदाराला एवढंच कळलं की वर्षानुवर्षं पाहिलेलं चित्र आता दुसऱ्याचं झालं.

त्याचा सगळ्यात लख्ख नमुना आपल्या दिंडोरीत बघायला मिळाला. २०२४ ला तिथे भास्कर भगरे हे 'तुतारी वाजवणारा माणूस' घेऊन उभे होते. त्याच यंत्रावर भगरे आडनावाचेच एक अपक्ष होते आणि त्यांना मोकळ्या यादीतून जे चिन्ह मिळालं त्याचं मराठी नाव होतं 'तुतारी'. पिपाणीसारखं वाद्य, पण नाव तुतारी. प्रचाराच्या मागेपुढे न दिसलेल्या त्या अपक्षाला लाखाहून जास्त मतं पडली! पक्षाचे भगरे तरीही निवडून आले, म्हणून गोष्ट हसण्यावारी गेली. अंतर थोडं असतं तर कुणी हसलं नसतं.

तेव्हा नवख्याने करायचं काम: मतदानाच्या आदल्या दिवशी आपल्या उमेदवाराचं पूर्ण नाव, चिन्ह आणि यंत्रावरचा क्रमांक तिन्ही पाठ करा. यंत्रावर फोटोही असतो, तो बघा. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते. ती वाचल्याशिवाय हलू नका.

युती, आघाडी आणि एबी फॉर्म

आता आजींच्या कमळाचं उत्तर. युतीत जागा वाटून घेतात. नाशिकची जागा महायुतीत (भाजप, शिंदेंची शिवसेना, अजित पवारांची राष्ट्रवादी) शिवसेनेला सुटली, म्हणून कमळ घरी बसलं. महाविकास आघाडीत (काँग्रेस, ठाकरेंची शिवसेना, शरद पवारांची राष्ट्रवादी) ती ठाकरेंच्या शिवसेनेला सुटली, म्हणून पंजाही घरी बसला. पक्ष शहरात होते, कार्यकर्ते राबत होते, पण यंत्रावर दिसायचा मान एकाचाच.

कुणाला उमेदवारी मिळाली याचा शेवटचा पुरावा म्हणजे एबी फॉर्म. पक्षाने अधिकृत उमेदवार म्हणून सही-शिक्क्याने दिलेला हा कागद अर्जाच्या मुदतीत निवडणूक अधिकाऱ्याकडे पोचला तरच पक्षाचं चिन्ह मिळतं, नाहीतर अपक्ष. त्यामुळे अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी कचेरीबाहेर जो तमाशा असतो तो बघण्यासारखा असतो. २०२४ च्या विधानसभेला देवळालीत महायुतीतल्या दोन पक्षांचे एबी फॉर्म दोघांना गेले आणि यंत्रावर घड्याळही आलं, धनुष्यबाणही. याला आपल्याकडे 'मैत्रीपूर्ण लढत' म्हणतात. मैत्री किती असते ते कार्यकर्त्यांना विचारा. घड्याळाच्या सरोज अहिरे जिंकल्या.

मतं किती आणि जागा किती, हे दोन वेगळे रकाने

माझ्या मते हा भाग नीट कळला की अर्धं राजकारण कळतं. आपल्याकडे ज्याला सगळ्यात जास्त मतं तो विजयी, मग ती निम्म्याहून कमी का असेनात. त्यामुळे टक्केवारी आणि जागा यांचा मेळ बसतोच असं नाही. २०२४ च्या विधानसभेला काँग्रेसला राज्यात १२.४२ टक्के मतं पडली आणि १६ जागा मिळाल्या. शिंदेंच्या शिवसेनेला १२.३८ टक्के मतं, म्हणजे किंचित कमीच, आणि जागा ५७. काँग्रेसने जागा जास्त लढवल्या होत्या, मतं पसरली; शिवसेनेची मतं लढवलेल्या जागांवर एकवटली, शिवाय मित्रपक्षांची मतं बरोबर आली. भाजपला सुमारे २७ टक्के मतांवर १३२ जागा मिळाल्या. शरद पवारांच्या पक्षाला ११ टक्क्यांवर मतं असून १० जागा.

नाशिकने तर एका पक्षाचा चढ आणि उतार दोन्ही आठ वर्षांत पाहिले. २००९ ला मनसेचे राज्यात १३ आमदार आले, त्यातले तीन नाशिक शहरातले. पूर्व, मध्य, पश्चिम, तिन्ही. २०१२ ला महापालिकेत १२२ पैकी ४० जागा, महापौर मनसेचे. बहुमताला ६२ लागत होते, त्यामुळे इतरांची मदत घ्यावीच लागली. २०१७ ला मनसे ४० वरून ५ वर आली आणि भाजप १४ वरून ६६ वर गेला. शहर तेच. तेव्हा कुणी "आमचा पक्ष कायमचा" म्हणत असेल तर त्याला चहा पाजा आणि हे आकडे सांगा.

छोट्या पक्षांकडे तुच्छतेने बघू नका

दिंडोरी, कळवण, सुरगाणा या पट्ट्यात लाल बावटा जुना आहे. मार्क्सवादी पक्षाचे जे. पी. गावित तिथून अनेकदा आमदार झाले. विधानसभेत या पक्षाची एखादी जागा. २०२४ ला एकच आली, तीही डहाणूची. पण ६ मार्च २०१८ ला किसान सभेचा लाँग मार्च नाशिकच्या सीबीएस चौकातून निघाला आणि वनहक्काच्या मागणीसाठी हजारो आदिवासी शेतकरी सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईला पोचले, तेव्हा सरकारला लेखी आश्वासन द्यावं लागलं. फोड आलेल्या पायांचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. एवढं काम सगळ्याच मोठ्या पक्षांना जमत नाही.

आणखी मागे जा. १९५७ ला नाशिकमधून लोकसभेवर गेले दादासाहेब गायकवाड, आंबे दिंडोरीचे, काळाराम मंदिर सत्याग्रहातले बाबासाहेबांचे सहकारी. त्यांचा शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन हा छोटा पक्ष, पण संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील होता आणि समितीची लाट होती. बलाढ्य काँग्रेस इथे हरली. याच नाशिकमधून १९६३ च्या पोटनिवडणुकीत यशवंतराव चव्हाण बिनविरोध गेले. तेव्हा छोटे-मोठे सगळेच पक्ष बाजूला थांबले होते.

मालेगाव मध्यमध्ये २०२४ ला एमआयएमचे मुफ्ती इस्माईल १६२ मतांनी जिंकले. एमआयएमचा राज्यातला तो एकमेव आमदार. राज्याच्या पातळीवर छोटा, मालेगावात मोठा.

एक सावधगिरी मात्र घ्या. काही छोटे पक्ष खरोखर काम करणारे असतात, काही फक्त कुणाची तरी मतं खायला उभे केलेले. ओळखायची खूण साधी: निवडणूक नसलेल्या वर्षात त्यांचं ऑफिस उघडं असतं का?

निवडून आल्यावर तो कुणाचा?

१९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने सभागृहात पक्षाचा व्हीप, म्हणजे मतदानाचा आदेश, मोडला तर आमदारकी जाऊ शकते. आधी एक तृतीयांश आमदार फुटले तर चालत होतं. २००३ च्या दुरुस्तीने ती पळवाट काढली आणि दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची तेवढी सवलत उरली. निर्णय सभागृहाच्या अध्यक्षांच्या हातात, आणि अध्यक्ष बहुधा सत्ताधारी पक्षाचे. पुढचं तुम्हीच समजा. म्हणून उमेदवाराने आधी किती पक्ष बदललेत हे विचारणं म्हणजे खोचकपणा नाही, ती रास्त चौकशी आहे.

ती चौकशी घरबसल्या होते. प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत शपथपत्र द्यावं लागतं. त्यात मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे सगळं असतं आणि ते आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतं. आमची पोरं प्रत्येकाचं शपथपत्र मोबाइलवर उघडून आधी गाड्यांचा रकाना वाचतात. वाचू देत, निदान वाचतात तरी. खर्चाचंही लक्षात ठेवा: विधानसभेला उमेदवाराची मर्यादा ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेच्या वेळी आजींनी आदल्या दिवशीच चोपड्याच्या पोराला बोलावून उमेदवारांची यादी वाचायला लावली. आमच्या नाशिक पश्चिममध्ये कमळ होतं, मशाल होती, इंजिनही होतं. धनुष्यबाण, घड्याळ आणि पंजा नव्हते. आजींनी प्रत्येकाचा क्रमांक बोटांवर मोजून घेतला. दुसऱ्या दिवशी परत आल्या तेव्हा चेहरा शांत होता. पोराने विचारलं, "काय आजी, सापडलं का कमळ?"

"सगळेच सापडले," म्हणाल्या, आणि शाईचं बोट पदरात लपवून आत गेल्या.